दिंडोरीच्या बागेतले गुलाबी मणी

नाशिकला लोक जातात देवदर्शनाला, नाहीतर हल्ली वाइन चाखायला. मी गेले निकाल द्यायला. तोही कुणाचा? आमच्या दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. या माणसानं घरात कधी चित्राचं कॅलेंडर लावू दिलं नाही. "तारखा बघायच्या का बाया बघायच्या?" म्हणून नुसत्या आकड्यांचं लावलं. आणि त्यांच्या चित्रांवर मत द्यायला मला बोलावणं यावं, याला काय म्हणायचं?

मी कोण ते आधी सांगते. कोल्हापूरच्या एका शाळेत मी पस्तीस वर्षं चित्रकला शिकवली. आता रिटायर आहे. फटकळ आहे असं लोक म्हणतात, तोंडावर मात्र कुणी म्हणत नाही. आक्का लग्न होऊन दिंडोरीला द्राक्षबागायतदाराच्या घरात गेली ती तिथलीच झाली. काही वर्षांपूर्वी दाजींना कंपवात झाला, डॉक्टर ज्याला पार्किन्सन म्हणतात तो. उजवा हात थरथरायला लागला, चाल मंदावली, चेहऱ्यावरचं हसणं-रागावणं पुसून टाकल्यासारखं झालं. मग गोळ्या सुरू झाल्या आणि हात बराच आटोक्यात आला. इथपर्यंत मला ठाऊक होतं.

जानेवारीत आक्काचा फोन आला. "सुमे, ये तू इकडं. यांनी चित्रं काढायचं घेतलंय."

"कुणी?"

"ह्यांनी गं!"

मी हसतच सुटले. पलीकडनं हसू येईना, तेव्हा माझं मलाच चमत्कारिक वाटलं. "वेड लागलंय म्हणतो प्रशांत," आक्का म्हणाली. "मला काय कळत नाय बघ. तेच म्हणाले, सुमनबाईंना बोलवा, त्या सांगतील ते खरं. तू बघ आणि सांग, हे चित्र हाय का आजार हाय."

नाशिक: मिसळ आणि एक विनंती

स्टँडवर भाचा घ्यायला आला होता. प्रशांत, आक्काचा एकुलता एक. बाग आता तोच बघतो, माल परदेशी पाठवतो. गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "मावशी, आधी मिसळ खाऊ." दिंडोरी रस्त्याला शेतात थाटलेलं ठिकाण, डोक्यावर वेलींचा मांडव, बसायला बाजा.

ताट समोर आलं आणि मी बघतच राहिले. मिसळ, पाव, बरोबर पापड, दह्याची वाटी आणि वर जिलबी! अहो, मिसळ आहे की लग्नाची पंगत? आमच्या कोल्हापुरात मिसळीला पाव आणि कट, विषय संपला. जिलबी ठेवली तर माणूस उठून जाईल. रस्साही काळ्या मसाल्याचा, पहिल्या घासाला गप्प आणि मग घसा धरणारा. नावं ठेवत ठेवत मी सगळं ताट चाटूनपुसून खाल्लं, हेही सांगून टाकते.

प्रशांतचं मात्र खाण्यात लक्ष नव्हतं. "मावशी, तुम्ही फक्त एवढंच म्हणा की हे चित्र-बित्र काय नाय. तुम्ही म्हणालात तर नाना गोळी कमी करायला तयार होतील." वडिलांना तो नाना म्हणतो. "डॉक्टर मॅडम म्हणतात, ही गोळीचीच करणी असू शकते."

"कसली करणी?"

"चित्रं."

मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. गोळीनं चित्रं? डोंबलाची गोळी! पस्तीस वर्षं पोरांच्या मागं लागून धड माणसाचा हात काढायला मी मोजक्याच पोरांना शिकवू शकले, आणि हे म्हणे पाण्याबरोबर गोळी गिळतात अन् चित्रकार होतात. मी त्याला म्हटलं, "बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. आणि म्हणेन ते खरं म्हणेन. चालणार असेल तर पुढं चल, नाहीतर मला परत स्टँडवर सोड." त्यानं बिल दिलं आणि गाडी दिंडोरीकडं निघाली.

दिंडोरी: कागदाखाली

कोल्हापूरच्या वाचकांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. आपल्याकडं ऊस, लावला की त्याच्या वाटेनं वाढतो. द्राक्ष म्हणजे तान्हं बाळ. थंडीत रात्री गारठा आणि दिवसा कडक ऊन पडलं की हिरव्या घडातले मणी गुलाबी पडायला लागतात. परदेशातल्या गिऱ्हाइकाला घड एकसारखा हिरवा हवा असतो, गुलाबी दिसला की माल नाकारला जातो. म्हणून इथं प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. बागेत शिरलं की वर पानांचा मांडव आणि त्याला लटकलेल्या कागदाच्या पुड्याच पुड्या. दाजी या कामात इतके कडक, की त्यांच्या बागेत गुलाबी मणी सापडला तर ते दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

घरी पोचले तर दाजी ओट्यावर उभेच होते. वाळलेले, वाकलेले. चेहऱ्यावर आनंद नाही, कंटाळा नाही, काहीच नाही. "आलात? चला," म्हणाले. आक्का चहाचं म्हणत होती, तिच्याकडं लक्षच नाही. अंगणातून जाताना पाय नुसते घासत होते, एक पाऊल टाकायला जीव जात होता. मी आपली मागनं, कधी पडतील म्हणून हात पुढं करून. आणि घराजवळच्या प्लॉटात मांडवाखाली शिरल्यावर माणूस चालायलाच लागला की हो! सरळ, तरातरा. मी त्यांना गाठायला गेले तर मांडवाची तार कपाळावर खाडकन बसली.

कपाळ चोळत वर बघितलं आणि चोळायचं विसरले. समोरच्या ओळीतले कागद नेहमीचे नव्हते. प्रत्येक कागदाला कात्रीनं झरोके पाडलेले. कुठं बारीक चिरा, कुठं गोल भोकं, कुठं एकच तिरकी फट वरून खालपर्यंत वळत गेलेली. ऊन त्यातून आत पडत होतं.

दाजींनी एका घडाचा कागद सोडला. हात थरथरत नव्हता.

आतला घड हिरवागार होता आणि त्याच्या अंगावरून एक गुलाबी रेघ फिरत खाली आली होती. वर अगदी फिकी, एका मण्याएवढी, मग रुंद होत, गडद होत, शेवटी टोकाशी दोन-तीन मण्यांत पसरलेली. "ही कादवा," दाजी म्हणाले. कादवा म्हणजे त्यांच्या शिवारातली नदी. "वरची भोकं उशिरा पाडली, म्हणून फिकी. खालची आधी पाडली. जितके दिवस उघडं, तितका रंग चढतो."

तोंडात बोटं घालायचीच काय ती बाकी राहिली. या माणसानं गुलाबी मणी मुद्दाम केले होते! आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली, तोच रोग हातात घेऊन त्याचा रंग केला होता. कुंचला नाही, रंगाची डबी नाही. ऊन, थंडी आणि रद्दीचा कागद.

त्यांनी दुसरा घड उघडला, तिसरा उघडला. एकात पावसाच्या सरी, एकात नुसता गोल, अर्धा उगवलेला. मी इतकी भांबावले की काय करतेय ते मला कळलं नाही. समोरचा मणी तोडला आणि तोंडात टाकला.

"अहो! नदी तोडलीत!" दाजी ओरडले.

बघते तर खरंच, कादवेच्या मुखाशी एक मणी गायब. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी त्या खाचेकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "असू द्या. धरण झालं तिथं." चेहरा तसाच कोरा, पण माणूस विनोद करत होता. चाळीस वर्षांत त्यांनी केलेला पहिला विनोद मी माझ्या कानांनी ऐकला.

दुपारी जेवायला बाजरीची भाकरी आणि शेवेची भाजी होती. दाजी दोन घास खाऊन पुन्हा बागेत गेले, तेव्हा आक्का ताटावरच रडायला लागली. "तुला छान छान दाखवलं असेल त्यांनी. हे नाय सांगितलं की झोपतच नाय ते. रात्री बॅटरी घेऊन स्टुलावर चढतात. मागच्या आठवड्यात पडले. पहाटे मी शोधत गेले तर वेलीखाली पडलेले, हातपाय बर्फागत गार, हातात कात्री तशीच. हाक मारली तर म्हणतात, 'हळू, कागद फाटेल.' सुमे, मला नको गं चित्रं. मला माणूस पाहिजे."

सकाळी जे बघून माझे डोळे दिपले होते, त्याच्या खाली माझी बहीण अशी खचत चालली होती.

पुन्हा नाशिक: डॉक्टरीणबाई

दुसऱ्या दिवशी सगळेच नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर नसरीन मूळच्या मालेगावच्या, घरी यंत्रमाग. बोलणं मऊ पण एकदम सरळ. मी बसल्या बसल्या विचारलं, "गोळीनं माणूस चित्रकार होतो का हो?"

त्या हसल्या नाहीत. "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. नानांच्या आजारात ते कमी पडतं, म्हणून हालचाल अडते. गोळी त्याचं काम करते. पण तेच रसायन माणसाला 'हे करून बघ, मजा येईल' असंही सांगत असतं. गोळी जास्त चढली की काहींना जुगाराचा नाद लागतो, काही जण खात सुटतात, काही खरेदी करत सुटतात. आणि थोड्या जणांना चित्रं, कविता, गाणी सुचायला लागतात."

"पण दाजींचा उजवा मेंदू..." मी म्हणायला गेले. कलेचा मेंदू उजवा आणि हिशोबाचा डावा, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं.

"तसं नसतं, बाई. चित्र सुचतं तेव्हा मेंदूचे बरेच भाग एकत्र कामाला लागतात. ढोबळ सांगायचं तर एक यंत्रणा भटकते, काहीबाही सुचवत राहते. दुसरी ते तपासते, नको ते गाळते. दोघींचं जमलं की नवं काहीतरी होतं. तुम्ही बागेत घडांची विरळणी करता ना, जादा मणी काढून टाकता? तसं. नानांच्या बाबतीत सुचणं वाढलंय आणि थांबवणारा हात ढिला पडलाय."

म्हणजे मी काय शिकवलं इतकी वर्षं? देवाची देणगी, आतला झरा, काय काय बोलले असेन! "मग हे चित्र दाजींचं का गोळीचं?"

"हीच गोळी माझे कितीतरी पेशंट घेतात," त्या म्हणाल्या. "द्राक्षावर नदी एकानंही काढली नाही."

मग त्या दाजींकडं वळल्या. त्यांच्या खांद्यांची आणि मानेची चाललेली वळवळ त्या मघापासून बघत होत्या; गोळी जादा झाली की ती होते, हे मला मागाहून कळलं. "नाना, गोळ्या मी लिहून दिल्यात तेवढ्याच घेता ना?"

"मी हातानं देते, मॅडम," आक्का मध्येच म्हणाली. "एकही जास्त नाय."

दाजींनी विरळणीची कात्री ठेवायची कापडी पिशवी कमरेची सोडली आणि टेबलावर उपडी केली. कात्रीबरोबर गोळ्यांची पाकिटं घरंगळली. काही भरलेली, काही रिकामी.

आक्काच्या तोंडून किंकाळी फुटली. प्रशांत उठून उभा राहिला. "नाना! कुठनं आणल्या ह्या?"

"आणवल्या," दाजी म्हणाले.

"पण का?" डॉक्टरांनी विचारलं.

त्या कोऱ्या चेहऱ्यानंच ते बोलले. "गोळी उतरली की बाग नुसती बाग दिसते."

पस्तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं चित्राबद्दल इतकं खरं वाक्य उच्चारलं नव्हतं, आणि ते उच्चारणारा माणूस चोरून औषध खात होता.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हे असंच चाललं तर एक दिवस पडणं जिवावर बेतेल, नाहीतर डोक्यात भास सुरू होतील. गोळी एकदम तोडता येत नाही, हळूहळू उतरवायची. पण नाना मनापासून तयार नसतील तर ते पुन्हा कुठूनतरी आणवतील. "आणि कमी केली तर चित्रं जातील का?" मी विचारलं. "सांगता येत नाही. जातीलही," त्या म्हणाल्या.

दाजी खुर्चीत वळले. प्रशांतकडं नाही, आक्काकडं नाही, माझ्याकडं. "सुमनबाई, तुम्ही सांगा. चित्र हाय का आजार? तुम्ही सांगाल ते मी करीन."

मला इतका संताप आला की काय सांगू! घरचे इतके जण असताना ही धोंड माझ्याच गळ्यात का? मी म्हटलं, "उद्या सांगते. पुन्हा सगळं बघू दे मला." परतीच्या वाटेवर गाडीत मिसळवाल्याचा मांडव गेला, कुणी त्याच्याकडं बघितलंही नाही.

दिंडोरी: शेवटची सकाळ

सकाळी बागेत कडाक्याची थंडी होती. गोळ्या आता सगळ्या आक्काच्या ताब्यात होत्या आणि सकाळची अजून द्यायची होती. दाजी माझ्याबरोबर आले, पण पहिल्या दिवसासारखे तरातरा नाही. मांडवाखालीसुद्धा पाय घासतच होते. एका घडाचा कागद सोडायला गेले तर बोटांना गाठ सुटेना. "बघा तुम्हीच," म्हणाले आणि खाली मान घालून बांधावर बसले.

मी ओळीच्या टोकापासून सुरुवात केली. एकेक कागद सोडायचा, बघायचं, पुन्हा बांधायचं. पहिल्या ओळीतले घड अगदीच बाळबोध निघाले. भोकं वेडीवाकडी, गुलाबी रंग कुठंही सांडलेला. दुसऱ्या ओळीत भोकं लहान झालेली. तिसरीत एका कागदावर चुकलेल्या भोकाला आतून कागदाचं ठिगळ लावलं होतं, नको तिथं ऊन पडू नये म्हणून. पुढं पुढं ठिगळं कमी होत गेली, आणि शेवटच्या ओळीत कादवा आली.

चांगलं पोरगं असंच शिकतं. चुकतं, बघतं, खोडतं, पुन्हा करतं. गोळी सुचवत असेल, रात्रीचं उठवत असेल. पण ती ठिगळं गोळीनं लावली नव्हती. गाळणारा हात अजून जागा होता आणि तो दाजींचाच होता.

तिथंच, कादवेच्या खाली, मोडका स्टूल आडवा पडलेला होता. पाय तुटलेला. हे इथंच गारठून पडले होते तर.

आक्का गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. प्रशांत तिच्यामागं होता. मी दाजींसमोर जाऊन उभी राहिले.

"दाजी, हे चित्र आहे," मी म्हटलं.

प्रशांतनं कपाळावर हात मारला. "अहो मावशी!"

"मध्ये बोलू नकोस. दाजी, पस्तीस वर्षांत मी कुणालाही पैकीच्या पैकी मार्क दिलेले नाहीत. मुलं मला खडूस म्हणायची. तुम्हाला देते. पैकीच्या पैकी. आणि आता गोळी कमी करा."

"चित्र हाय म्हणता आणि थांबवा म्हणता?"

"होय. आजार असता तर डॉक्टरांनी सांगितलं असतं, मी कशाला आले असते? चित्र आहे म्हणूनच मी सांगतेय, कारण चित्र आहे हे कळून ते सोडा म्हणणारं दुसरं कुणी इथं नाही. कादवा झाली तुमची. पण आक्काला पुन्हा पहाटे वेलीखाली तुम्हाला शोधायला लावू नका."

हे बोलताना मला रडू फुटलं. मला रडताना बघायची आक्काला सवय नाही, ती तांब्या धरून नुसती उभी. दाजी माझ्याकडं बघत होते. त्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"पैकीच्या पैकी?" त्यांनी विचारलं.

"पैकीच्या पैकी."

त्यांनी आक्काकडं तळहात केला. तिनं एक गोळी ठेवली. त्यांनी ती घेतली, पाणी प्यायले, आणि कमरेची रिकामी पिशवी सोडून तिच्या हातात दिली. "आता तूच दे," म्हणाले. "मी मागणार नाय."

निघताना त्यातला एकही घड मला बरोबर दिला नाही. त्या प्लॉटातली द्राक्षं गावच्या बाजारात गेली. गुलाबी पडलीत म्हणून लोकांनी घासाघीस केली असेल आणि गोड लागली असतील. मीच एक मणी खाल्ला होता, मला माहीत आहे.

कोल्हापूर

परत येऊन वर्ष होत आलं. परवा मी मुद्दाम फोन लावला, कारण दिंडोरीत आता घडांना कागद लावायचे दिवस. आक्कानं उचलला. आवाज इतका मोकळा की आधी मला ओळखूच आला नाही. "झोपतात गं आता. काल नातवाच्या शाळेत जाऊन आले. दोन भाकरी खाल्ल्या." ती हसत होती आणि मी इकडं देवाचे आभार मानत होते, अगदी मनापासून.

मग दाजींनी फोन घेतला.

"कागद लावले का?" मी विचारलं.

"लावले."

"झरोके?"

"छे. सबंध कागद. प्रशांतचा माल जायचाय."

विचारू नये ते मी विचारलं. "दाजी, बाग कशी दिसते?"

"चांगली हाय," ते म्हणाले. "बागेसारखी."

आक्का मागनं काहीतरी म्हणत होती, बहुतेक औषधाची वेळ झाली होती. फोन ठेवणार एवढ्यात दाजी पुन्हा बोलले.

"सुमनबाई, मार्क तेवढे परत घेऊ नका."

"नाही घेत," मी म्हटलं.